धुतलेले मीठ आणि ओले पाय

मराठीत ज्या पुस्तकांचा आदर सर्वांत जास्त होतो तीच सर्वांत कमी वाचली जातात की काय, अशी शंका मला पुष्कळ वेळा येते. ‘श्यामची आई’ हे त्यांतले पहिले. घरोघरी ते असते. मुंजीत, वाढदिवसाला, वक्तृत्वस्पर्धेच्या बक्षिसात ते मिळते. ज्याला ते मिळते तो आईवडिलांच्या आग्रहाखातर चार-सहा प्रकरणे वाचतो, दोनदा डोळे पुसतो आणि पुस्तक कपाटात ठेवतो. पुढे तीस वर्षांनी तोच गृहस्थ आपल्या मुलासाठी त्याची नवी प्रत विकत आणतो. या पुस्तकाविषयी त्याचे मत विचारावे तर एकच शब्द मिळतो: संस्कार. त्या शब्दापाशी पुस्तकही मिटते आणि संभाषणही.

शाळामास्तर या नात्याने हा शब्द मला रोज ऐकावा लागतो. ‘मास्तर, मुलाला शिस्त लावा, संस्कार करा,’ असे सांगून पालक निघून जातात. जणू संस्कार म्हणजे हातमागाच्या पंचावर मारायचा शिक्का. पाठ्यपुस्तकात या पुस्तकातला उतारा येतो तेव्हा त्याखालच्या प्रश्नांत ‘या पाठातून तुम्ही काय शिकलात?’ हा प्रश्न बहुधा असतोच. मुलेही हुशार. धडा न वाचताच ती उत्तर लिहितात: खरे बोलावे, आईचे ऐकावे, कामाची लाज बाळगू नये. गुण पूर्ण मिळतात. या पुस्तकावर याहून मोठा अन्याय दुसरा झाला नसेल. मी कॉलेजाची पायरी चढलेलो नाही, समीक्षेची परिभाषाही मला अवगत नाही. तरी चार कादंबऱ्या लिहिताना गोष्ट कोण सांगतो आणि कोणाला सांगतो, याकडे पाहण्याची सवय मला लागली. त्या सवयीने हे पुस्तक पुन्हा वाचले, तेव्हा ते मला उपदेशाचे पुस्तक वाटेनासे झाले. ते एका प्रौढ माणसाच्या कबुलीचे पुस्तक आहे.

त्याची रचनाच पाहा. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम आपल्या सोबत्यांना आठवणी सांगतो. एकेक रात्र, एकेक आठवण. अशा बेचाळीस रात्री. सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, आई कधीच गेली आहे. आणि या रात्री तो सांगतो काय? आपण आळशी होतो. आपण भित्रे होतो. पुस्तकाच्या लोभाने आपण चोरी केली. आजारी आईच्या वतीने वटसावित्रीच्या प्रदक्षिणा घालायची आपल्याला लाज वाटली. घरातल्या सर्वांना पत्रावळ लावता येत होती, आपल्याला येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. प्रत्येक रात्रीच्या मुळाशी बहुधा आईचा मोठेपणा नसून श्यामचा लहानपणा असतो. आईचा मोठेपणा आपल्याला दिसतो तो त्या लहानपणाच्या फटीतून. साने गुरुजींनी हे लिहिले ते नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, मुख्यतः चार-पाच दिवसांच्या झपाट्यात. पुस्तक निघाले १९३५ साली. तेव्हा ते पस्तिशीत होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी सोडून चळवळीत पडले होते. तुरुंगात बसलेला मास्तर इतरांच्या मुलांना काय शिकवावे याची यादी करीत नव्हता. आपण जे काही झालो ते कोणामुळे, आणि जे झालो नाही ते का, याचा हिशेब मांडीत होता.

‘थोर अश्रू’ हे प्रकरण सर्वांना ठाऊक असते. अंघोळ झालेला लहान श्याम ओले पाय मातीला लागू नयेत म्हणून आईला तिच्या लुगड्याचा पदर दगडावर पसरायला लावतो. आई लुगडे ओले होईल याचा विचार न करता तो हट्ट पुरवते आणि मग सहज बोलावे तसे म्हणते, की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप. वर्गात हे वाक्य फळ्यावर जाते. पण मला या प्रसंगात वाक्यापेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. आई आधी पदर पसरते, बोलते नंतर. तिने आधी बोलून मग पदर पसरला असता किंवा नुसतेच बोलून मुलाला मातीतून चालायला लावले असते, तर तेच वाक्य टोमणा झाले असते. तिच्या बोलण्याला जो अधिकार आहे तो ओल्या लुगड्याचा आहे. आमचे शिस्तीचे सारे भाषण कोरड्या धोतराने चालते.

या ओल्या पायांशेजारी मराठीतले दुसरे एक धुणे ठेवून पाहावे असे मला फार दिवस वाटत होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला, म्हणजे ‘श्यामची आई’च्या अगदी आगेमागे. त्याच्या सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. सत्तावन्नच्या बंडानंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून या गृहस्थांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. धान्य धुवायचे हे समजण्यासारखे आहे. पण या घरात साखर धुतात, मीठही धुतात! मीठ धुतल्यावर काय उरते हे सांगायला नको. घरातल्या बायकांचे हाल कुत्रा खाईना, आणि लक्ष्मीबाई हे सारे सांगतात ते अशा बेताने की आपण आधी हसतो आणि मग त्या हसण्याची आपल्यालाच थोडी भीती वाटते.

या माणसाला शिस्त नव्हती असे कोण म्हणेल? त्याच्याइतका नेमधर्म पाळणारा शोधून सापडायचा नाही. आपल्या भाषेत ‘नेम’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक व्रताचा आणि एक बंदुकीच्या रोखाचा. या घरात पहिला अर्थ पाळता पाळता दुसरा केव्हा सुरू झाला हे धरणाऱ्याला कळलेच नाही. त्याने जगातली प्रत्येक वस्तू धुतली. आपण का धुतो आहोत, हे एकदाही धुऊन पाहिले नाही. धुण्याच्या मुळाशी भीती होती. डोळ्यांदेखत घरातला माणूस फासावर गेला, जग हाताबाहेर गेले, तेव्हा निदान मीठ तरी हातात ठेवावे, असा तो व्यवहार दिसतो. लक्ष्मीबाई वडिलांना दोष देत नाहीत, त्यांचे मन उकलून दाखवण्याच्या भरीलाही पडत नाहीत. त्या फक्त मीठ दाखवतात. लेखिका म्हणून त्यांची थोरवी इथे आहे, आणि याच ठिकाणी गुरुजी थोडे कमी पडतात, हेही सांगितले पाहिजे.

गुरुजींना दाखवून थांबता येत नाही. प्रसंग सुंदर सांगून झाला की त्यांना भरून येते आणि पाठोपाठ दीड पान प्रवचन येते. भारत, मातृधर्म, त्याग, सारे काही येते. आश्रमातले श्रोते हे मधूनमधून बरोबर तोच प्रश्न विचारतात ज्याचे उत्तर गुरुजींच्या ओठावर तयार असते. कादंबरीकाराच्या दृष्टीने हा मोठाच दोष आहे आणि भक्तीपोटी तो झाकू नये. ज्यांना ‘संस्कार’ हवे असतात ते नेमके हे प्रवचनाचे दीड पान उचलतात. खरी जिन्नस राहते मागे. १९५३ साली अत्र्यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. अत्र्यांसारखा वक्ताही त्यात प्रवचनापेक्षा प्रसंगावर अधिक विसंबला, हे त्याच्या यशाचे एक कारण मला वाटते.

मात्र एका ठिकाणी गुरुजी थांबतात, आणि ते प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो. ‘अळणी भाजी’. आईकडून भाजीत मीठ घालायचे राहते. वडील एक अक्षर न बोलता, उलट भाजीची वाखाणणी करीत जेवतात. ते पाहून मुलेही मुकाट्याने खातात. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळते, आणि तिच्या जिवाला हुरहुर लागते: आपण असे कसे केले, माणसांना असे कसे वाढले? वडिलांनी आपले मन सांभाळले याचा तिला आनंद होत नाही. चूक आपल्या लक्षात यायला उशीर झाला याचेच दुःख होते. मोठा झालेला श्याम सोबत्यांना विचारतो, की या दोघांत थोर कोण म्हणावे, जिभेवर ताबा ठेवणारे वडील, की एवढ्याशा हयगयीने कष्टी होणारी आई? तो स्वतः निवाडा करून एकाला खाली बसवीत नाही.

शिस्तीचे जे दोन प्रकार म्हणून मी म्हणतो, ते हेच. एक दुसऱ्याच्या चुकीपुढे चालवायची, दुसरी आपल्या चुकीपुढे. पहिलीत गप्प राहायचे असते, दुसरीत स्वतःशी बोलायचे असते. आपल्याकडे बहुतेक घरांत, आणि शाळांत तर हमखास, हे उलटे चालते: दुसऱ्याच्या चुकीवर बोलणे आणि आपल्या चुकीवर मौन. या प्रकरणात ती अळणी भाजी कोणी फेकून देत नाही, कोणी ताट आपटीत नाही. मराठी कथा-कादंबऱ्यांत नवऱ्याने ताट भिरकावल्याचे प्रसंग किती आहेत ते मोजा, म्हणजे या मौनाची किंमत कळेल. आणि योगायोग कसा: तिथे मीठ धुण्याने घर छळले जाते, इथे मीठ नसूनही घर जेवते.

आता अवघड जागेकडे येऊ. ‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणात पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारीत विहिरीकडे पिटाळते. तो पाण्यात पडतो, पोहू लागतो. पुढे रुसलेल्या मुलाला आई जवळ घेते, दही देते, लोकांनी माझ्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून मी मारले असे सांगते. श्रोत्यांना हे पटते. मला अर्धेच पटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यावर बंदी आली. ती आली तेव्हा ‘छडी गेली, शिस्त गेली’ असे हळहळणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांतले निम्मे तरी श्यामच्या आईची साक्ष काढीत. त्यांना त्या प्रकरणातली शिंपटी बरोबर आठवते; दह्याची वाटी आठवत नाही. शिवाय लोक काय म्हणतील हे कारण खुद्द आईच्या इतर शिकवणुकीशी जुळत नाही. प्रदक्षिणेच्या वेळी लोकांच्या हसण्याला भिऊ नकोस म्हणणारी हीच बाई आहे. प्रौढ श्यामने ही विसंगती पाहायला हवी होती. त्याने आईचे प्रेम पाहिले आणि प्रश्न सोडून दिला. कबुली देणाऱ्या माणसाला सर्वांत कठीण जाते ते हेच: आपला दोष तो सहज सांगतो, पण ज्या माणसावर आपला जीव आहे त्याच्याविषयी बोलताना त्याची जीभ अडखळते. लक्ष्मीबाईंचीही अडखळते, पण त्यांच्याजवळ विनोद होता. टिळकांचा संताप, त्यांचे लहरी औदार्य, न सांगता निघून जाणे, सारे त्या हसत हसत सांगतात, आणि नवऱ्यावरची त्यांची माया तसूभरही कमी होत नाही. गुरुजींपाशी अश्रू होते. अश्रूंनी दोष धुऊन निघतात; विनोदाने ते जागच्या जागी स्वच्छ दिसतात.

याहूनही अवघड जागा ‘देवाला सारी प्रिय’ ही आहे. वाटेत एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी पडते. तिला ती डोक्यावर चढवता येत नाही, आणि स्पर्शाच्या भयाने कोणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी दे. आल्यावर अंघोळ कर. या प्रकरणावरून मुलांनी काय शिकायचे ते पुस्तकाखालचा प्रश्न ठरवूनच टाकतो: अस्पृश्यता वाईट. माझ्या वर्गात एका मुलीने मात्र विचारले, ‘मग अंघोळ का?’ सारा वर्ग हसला. मला त्या हसण्यात मुलीचा प्रश्न बुडू द्यायचा नव्हता, कारण प्रकरणाचे सारे मर्म त्या अंघोळीतच आहे.

आईची दया उंबरठ्यापर्यंत जाते, तिथे थबकते, एक पाय बाहेर टाकते आणि पाय धुऊन परत येते. तिच्या काळात, तिच्या गावात, खोताच्या पडत्या घरात तो एक पायही मोठा होता हे मान्य. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की १९३३ साली लिहिणाऱ्या गुरुजींना ती अंघोळ सहज गाळता आली असती. आईची मूर्ती मग अधिक स्वच्छ झाली असती. त्यांनी ती गाळली नाही. प्रवचनाचा मोह ज्याला आवरत नाही असा हा लेखक, आईला शोभून न दिसणारा तपशील मात्र जसाच्या तसा ठेवतो. आणि चौदा वर्षांनी, मे १९४७ मध्ये, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून दहा दिवस उपाशी बसतो. आईने जिथून पाय मागे घेतला तिथून मुलगा पुढे गेला. पुस्तकावर विसंबून आपण फक्त आईचे पाऊल शिकवतो, मुलाचे शिकवत नाही.

लक्ष्मीबाईंचा प्रवास याच वाटेचा, पण त्यांनी तो स्वतःच्या अंगावर केला. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्या झाल्या नाहीत. त्यांचे सोवळे चालूच होते. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरची ती मुलगी होती. पुढे नवऱ्याबरोबर राहू लागल्यावरही त्यांची चूल वेगळी. विटाळाची कल्पना त्यांच्या मनातून गेली ती कोणाच्या व्याख्यानाने नव्हे, स्वतःशी घातलेल्या वादाने, हळूहळू, एकेक पायरी उतरत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मी धर्मांतराविषयी बोलत नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. मी बोलतो आहे ते त्या पाच वर्षांविषयी. आपल्याला पटलेले नसताना केवळ नवऱ्याने केले म्हणून तिने केले नाही, आणि पटल्यावर केवळ लोक हसतील म्हणून थांबली नाही. आत्मपरीक्षण हा जड शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. त्याला वेळ किती लागतो हे पाहायचे असेल तर ‘स्मृतिचित्रे’तला हा भाग वाचावा.

राहिली ती मोळीवाली म्हातारी. ‘श्यामची आई’त तिला मोळी मिळते आणि ती निघून जाते. घरी गेल्यावर तिने काय सांगितले असेल? बामणाच्या पोराने हात लावला म्हणून ती धास्तावली असेल, की त्याच्या अंघोळीची कल्पना असल्याने आतल्या आत हसली असेल? मराठी वाङ्मयाला या बाजूचा आवाज ऐकू यायला पुढे चाळीसहून अधिक वर्षे लागली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्याचीही रचना पाहा, कारण ती श्यामच्या रचनेची सख्खी चुलतबहीण आहे: इथेही एकजण सांगतो आणि एकजण ऐकतो. पण इथे सांगणारा दगडू मारुती पवार आहे आणि ऐकणारा दया पवार, म्हणजे एकाच माणसाचे दोन तुकडे. श्यामपुढे आश्रमातले प्रेमळ सोबती बसलेले असतात. दगडूपुढे बसलेला श्रोता तोच आहे ज्याने शिकून, नोकरीला लागून दगडूला मागे टाकले. श्याम कबुली देतो तेव्हा ऐकणारे डोळे पुसतात. दगडू बोलतो तेव्हा त्याचे डोळे पुसायला कोणी नाही.

‘बलुतं’ला संस्काराचे पुस्तक कोणी म्हणणार नाही. वक्तृत्वस्पर्धेत ते बक्षीस म्हणून देत नाहीत. त्यात दारू आहे, वस्तीतली भांडणे आहेत, बायकांची परवड आहे, आणि सांगणाऱ्याची स्वतःची भेकडवृत्ती, संशयीपणा, पांढरपेशा होताना आपल्याच माणसांची वाटू लागलेली लाज, हे सारे स्वतःला न वाचवता सांगितलेले आहे. तरीही स्वतःकडे पाहण्याची जी शिस्त मी श्यामच्या कबुलीत शोधतो, ती इथे अधिक कठोर रूपात सापडते. श्यामला पडलेला प्रश्न ‘मी आईला शोभलो का’ असा आहे. दगडूला शोभण्यासाठी कोणी पुढे उभे नाही. त्याची आई राबराब राबते, मुलाला शिकवते; पण तिला सांज-सकाळ वचने सांगायला फुरसत कुठली? ‘श्यामची आई’तही कर्जाची प्रकरणे येतात तेव्हा हेच घडते, हे इथे आठवते. तेल आहे तर मीठ नाही अशी घराची दशा होते, सावकाराचा माणूस दारात बसतो, गावात जप्तीची दवंडी फिरते, आणि त्या रात्रींमध्ये आईची वचने कमी कमी होत जातात. त्या मला पुस्तकातल्या सर्वांत चांगल्या रात्री वाटतात. तिथे गुरुजींना प्रवचन सुचत नाही. आई आजारी पडते, आणि शिकायला दूर गेलेला श्याम घरी पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

गुरुजींच्या चाहत्यांना मी एका गोष्टीत दुखावणार आहे. स्वतःला सतत दोषी धरणे आणि स्वतःला ओळखणे ही एकच गोष्ट नव्हे, आणि या पुस्तकात ती दोन्ही एकमेकांत मिसळलेली आहेत. चार-सहा वर्षांच्या पोराने ओल्या पायांना माती लागू न देण्याचा हट्ट धरला, पत्रावळीचा कंटाळा केला, पाण्याला भ्याला, यांत अपराध तो कोणता? इतक्या वर्षांनी तुरुंगात बसून त्याबद्दल इतके हळहळावे, असे त्यात काय होते? या हळहळीतूनच पुस्तकाचे सौंदर्य आले हे खरे. पण कोवळ्या वयाच्या वाचकापुढे ते ठेवताना मास्तरने शेजारी बसले पाहिजे. मुले पुस्तकातला श्याम होऊ पाहतात, आणि श्याम स्वतःला क्षमा करायला कधी शिकलाच नाही. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपले आयुष्य संपवले. त्याचा उलगडा त्यांच्या पुस्तकांतून करायला जाऊ नये. माणसाचे मरण हा समीक्षेचा विषय नव्हे. एवढेच म्हणतो, की वर्गात अळणी भाजीचे प्रकरण वाचून दाखवताना मी हल्ली आईच्या हुरहुरीपाशी थांबत नाही. वडिलांचे जेवण पुन्हा एकदा वाचतो. त्या माणसाने त्या दिवशी एक चूक पाहिली, तिला चूक म्हटले नाही, आणि भाजी संपवली. मग मी पुस्तक मिटतो आणि त्याखालचा प्रश्न विचारीत नाही. तास संपेपर्यंत पाच-सात मिनिटे उरतात. मुले आपापसात घरच्या भाज्यांविषयी बोलू लागतात आणि मी त्यांना बोलू देतो.